निळ्या दाराचा सातवा थांबा

निघायच्या दिवशी कुंदा मला कऱ्हाडच्या स्टँडवर सोडायला आली होती. एका हातात माझ्यासाठी दशम्यांचा डबा आणि तोंडाचा पट्टा चालू. "अगं, माणसं या वयात काशीला जातात, आणि तू वाशीमला निघालीस?" मी म्हटलं, "काशीला खोडवे कुठे गेले होते? मग मी तरी कशाला जाऊ?" दोघी इतक्या हसलो की कंडक्टर वळून बघायला लागला. ते हसणं आता आठवलं की मला माझाच राग येतो.

त्र्यंबक खोडवे कोण, हे आमच्या वाचनालयातल्या बायकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. खोडवे हे निवृत्त तलाठी, वाशीमचे, आणि कादंबऱ्यांमधले गुप्तहेर. काखेत छत्री, खिशात अडकित्ता. ते गुन्हेगाराच्या मागे धावत नाहीत, भिंगातून बोटांचे ठसे बघत नाहीत. पानठेल्यावर (पानाच्या टपरीला तिकडे ठेला म्हणतात) नुसते बसून राहतात आणि लोकांना बोलू देतात. लोक बोलता बोलता सगळं ओकून टाकतात. लेखक वाशीमला शाळेत मास्तर होते, त्यामुळे कादंबऱ्यांतल्या गल्ल्या, देवळं, दुकानं सगळी खरी. खोटे फक्त दोन, खोडवे आणि खून. मी शाळेत असताना गणिताच्या पुस्तकात घालून वाचायची. आईनं पकडलं तेव्हा पाठीत बसलेला धपाटासुद्धा मला आठवतो, आणि त्या वेळी कितवं पान चालू होतं तेही.

लेखक जाऊन बरीच वर्षं झाली, कादंबऱ्याही रद्दीत गेल्या होत्या. अलीकडे पुण्याच्या काही हौशी मंडळींनी त्या पुन्हा छापल्या आणि जोडीला एक लहानसं पुस्तक काढलं. खोडवे ज्या वाटेनं वाशीमात फिरले त्या वाटेनं आपण पायी कसं फिरायचं, याचं मार्गदर्शन. नकाशा, चित्रं, बारा थांबे. पर्समध्ये मावेल एवढंसं. मी त्याची पारायणं केली. कुठे डावीकडे वळायचं, कुठल्या ओट्यावर बसायचं, कुठे उभं राहून कादंबरीतला कुठला उतारा मोठ्यानं वाचायचा, सगळं तोंडपाठ. दिवाळी होऊ दिली, लेकीचे फराळाचे डबे पोचते केले, आणि निघाले.

पुण्याहून नागपूरकडे जाणारी बस पकडली. सकाळी डोळे उघडले तर खिडकीबाहेर काळीभोर जमीन, पार क्षितिजापर्यंत. सोयाबीन निघालेलं, तूर कमरेएवढी उभी, मधेच कापसाचं पांढरं शिंपण. आमच्याकडे उसाशिवाय दुसरं काही दिसत नाही, त्यामुळे हा मोकळेपणा बघून मला बरं वाटलं. केनवड म्हणून एक मोठं गाव मागे गेलं. तिथे बस जरा थांबली, एक बाई टोपलीभर संत्री घेऊन चढली आणि मला न विचारता एक हातावर ठेवलं. "खा न माय, गोड आहेत." मी केनवडचं नाव तेव्हा ध्यानातसुद्धा ठेवलं नाही.

मालेगावला उतरले. हे जहांगीरचं मालेगाव, नाशिककडचं नव्हे. स्टँडसमोर तर्री घातलेले पोहे खाल्ले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि वाशीमच्या गाडीत बसले. शेजारी एक धोतरवाले आजोबा होते.

"कोनाकडे चालल्या?"

"कोणाकडेच नाही. गाव बघायला."

"वाशीमात काय पाहाचं आहे जी?" आजोबा खरोखर काळजीत पडले. "मी जन्माचा वाशीमचा. मले त काही दिसलं नाही."

मी त्यांना पुस्तक दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, नकाशावर बोट फिरवलं आणि परत दिलं. "हे त गाव आहे. याच्यात पाहाचं काय?" मला मोठी गंमत वाटली. कुंदाला सांगायचं म्हणून मी ते वाक्य मनात घोकून ठेवलं.

वाशीमला लॉजवर सामान टाकलं आणि दहाच्या सुमाराला वाट धरली. पहिला थांबा बालाजीच्या देवळाचा. खोडवे प्रत्येक प्रकरणाआधी इथे येतात, देवाला हात जोडतात आणि म्हणतात, "तुला माहीत आहे, मला शोधायला लावतोस." तिथे उभी राहून मी तेच म्हटलं. मग तळ्याचा घाट, मग कापडबाजाराचा कोपरा. भाड्यानं कादंबऱ्या देणारं दुकान पुस्तकात "आज मोबाईलचे दुकान" असं लिहिलं होतं. मी गेले तर मोबाईलचंही नव्हतं, शटर ओढलेलं होतं. ओळखीचं काहीतरी सापडेल म्हणून मी प्रत्येक पाटी वाचत होते. माणसं आपापल्या कामात. खोडव्यांचं नाव काढलं तर पोरांना माहीत नव्हतं, म्हातारे "हो, होते असे पुस्तकं" म्हणून मोकळे होत होते. पाचव्या थांब्यापर्यंत माझे पाय आणि उत्साह दोन्ही दमले होते. इतक्या लांबून येऊन आपण कुणाच्या तरी गावातून उगाच भटकतोय, असं वाटायला लागलं.

सहाव्या थांब्यानं मात्र जीव परत आणला. तो पानठेला जागेवर होता! आणि वर नवी कोरी पाटी, "खोडवे पान पॅलेस". ठेलेवाल्याचं नाव सायेबराव. माझ्या हातातलं पुस्तक बघताच त्यांनी खुर्ची पुसून पुढे केली. "बसा, बसा. मागच्या आठवड्यात पुण्याचे पोट्टे आले होते. सेल्फी काढले." ठेल्याशेजारी बाकावर एक गृहस्थ चहा पीत बसले होते. पांढरा सदरा, गळ्यात रुमाल, मांडीवर कापडी पिशवी. पन्नाशीचे असतील.

मग मी समोर बघितलं. रस्त्यापलीकडे निळं दार. दोन मजली घर, वर पत्रे, दाराशी कडुनिंब. अगदी तस्संच! हा सातवा थांबा, सगळ्या वाटेवरचा मुकुटमणी. या घराची कादंबरी ज्यानं वाचली नाही त्यानं खोडवे वाचलेच नाहीत. मुलाकडचे पाहुणे साखरपुड्याला येतात, त्यांना बासुंदी वाढतात, आणि पाहुण्यांतले तिघं ताटावरच आडवे होतात. बासुंदीत धोत्र्याचं बी. खोडवे तीन दिवस समोरच्या पानठेल्यावर बसून राहतात आणि शेवटी घरातल्या थोरल्या सुनेकडे बोट दाखवतात.

"हेच ना हो ते?" मी जवळजवळ ओरडलेच. "विषाचं घर?"

सायेबरावांना एकदम खोकला आला. "बाई, पान लावू काय? साधं का मिठा?"

"लावा की." मी पुस्तक उघडलं. लिहिलेलंच होतं, इथे बसून उतारा मोठ्यानं वाचावा. मी वाचला. बाकावरचे गृहस्थ कप खाली ठेवून ऐकायला लागले. सकाळपासून कुणी धड ऐकलं नव्हतं, मला तर हुरूपच चढला.

"कोन्तं घर म्हन्ता जी?" त्यांनी विचारलं.

"अहो हे काय, समोर! निळं दार."

"मंग पाहुने मेले?"

"तिघं!" मी म्हटलं, आणि देवा, मी ते हसून म्हटलं. "मुलाकडचेच सगळे."

"बाई, पान घ्या न," सायेबराव पुन्हा मधे पडले. "बोलनं होत राहीन. उन्हाचं जरा पानी प्या." मला त्यांचा रागच आला. गिऱ्हाइकाला बोलू देत नाही हा कसला खोडव्यांचा पानवाला! मी त्या गृहस्थांना सगळी कथा सांगितली. सुनेनं बी कसं कुटलं, कुठल्या फडताळात लपवलं, मोलकरणीनं काय पाहिलं. ते मान हलवत होते. शेवटी उठले, पिशवी घेतली, निळ्या दाराकडे एकदा बघितलं आणि उलट्या दिशेनं स्टँडकडे गेले. सायेबराव चुन्याच्या डबीत बोट घालून तसेच बसून राहिले. माझ्याकडे बघेनात.

मी रस्ता ओलांडला आणि कडी वाजवली.

दार उघडलं ते सत्तरीच्या आसपासच्या एका बाईंनी. गोऱ्यापान, कपाळ मोकळं, हातात एकेकच बांगडी. मी काही बोलायच्या आत त्यांनी पदर सावरला. "या न, या. बसा. उन्हाच्या आल्या तुमी." कोण, कुठली, एक अक्षर विचारलं नाही. मला वाटलं, पुस्तकामुळे लोक येत असतील, यांना सवय झाली असेल. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर नवी चादर होती. पाण्याचा तांब्या आला. आतून फोडणीचा वास आला. पोहे! वर सांबार (तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आमच्यासारखं पातळ नव्हे) आणि तळलेले शेंगदाणे. मी मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात अगत्य. आमच्याकडे अनोळखी माणसाला दारातूनच वाटेला लावतात.

पोहे घेऊन एक मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशी ओलांडलेली, सुती साडी, चेहरा शांत. हिला मी रेणू म्हणेन, खरं नाव लिहीत नाही. त्या बाई तिच्या आत्या.

"आमची रेणू मालेगावले शाळेत मास्तरीन आहे," आत्या म्हणाल्या. "परमनंट. पोहे तिनंच केले. स्वयंपाक सगळा येते तिले, पुरनाचे मांडेसुद्धा. बाप किन्हीराजाले गेला, शेतावर, सोयाबीन काढनं चालू आहे. आई नाई तिले. मीच वाढोलं."

मी "वा, वा" करत पोहे खात होते. मधेच रेणूला विचारलं, "वाचनाची आवड आहे का?" ती म्हणाली, "आहे." आत्या लगबगीनं म्हणाल्या, "पन घरचं काम सोडून नाई हो."

आता इथे एखाद्या शहाण्या बाईला कळलं असतं. मला कळलं नाही. मी विचारलं, "स्वयंपाकघर बघू का हो तुमचं?"

"पाहा न! काहून नाई?" आत्या उठल्याच. आत सगळं लख्ख होतं. पितळेचे गंज (पातेली) ओळीनं मांडलेले, ओटा नुकताच पुसलेला. आणि कोपऱ्यात ते फडताळ! लाकडी, दोन झडपांचं, कादंबरीत वर्णन केलेलं, वरच्या डाव्या कोपऱ्यात तडा गेलेलं. मी पर्समधून पुस्तक काढलं आणि म्हटलं, "इथेच ना ती विष लपवते? एक फोटो काढू का?"

आत्यांच्या हातात कपबशी होती. त्यांनी ती अगदी हळू ओट्यावर ठेवली. पुस्तकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तुमी केनवडच्या नाई?"

"मी कऱ्हाडची."

"पोट्याकडच्या नाई तुमी?"

आत्या खाली बसल्या. तिथेच, जमिनीवर. रेणू दाराशी उभी होती. ती म्हणाली, "आत्या, उठ. चहा उतू जाऊन राह्यला." आणि स्वतः गॅस बंद करायला गेली.

मग मला सांगितलं गेलं. रेणूला केनवडचं स्थळ आलं होतं. मुलगा तिच्यासारखाच शिक्षक. दोघं एका प्रशिक्षणात भेटलेले, मुलाला ती पसंत, तिला तो पसंत. घरच्यांची चौकशी तेवढी राहिली होती. तिकडे पद्धत अशी, की मुलाकडचं माणूस सांगून येत नाही. कुणी पत्ता विचारायच्या निमित्तानं येतं, कुणी पाणी मागायला. शेजारी विचारतं, पानठेल्यावर बसतं, आणि एखादी बाई सरळ दारात येऊन उभी राहते. ती कोण, हे विचारायचं नसतं. विचारलं तर स्थळाचा अपमान.

"म्हून दाराशी कोनीबी बाई आली त पोहे करावेच लागतात," आत्या म्हणाल्या. "ते पुस्तकवाले पोट्टे येतात ते माहीत पडतात, बाहेरूनच फोटो काढून जातात. तुमी साडीतल्या, वयाच्या, एकट्या. मले वाटलं, देव पावला."

मी म्हटलं, "अहो, पण ती तर गोष्ट आहे. खोटी."

"ते मास्तर समोरच्या माडीवर राहेत," आत्या म्हणाल्या. "एकटे होते. माही आई शनवारी जेवाले बलावे त्याइले. बासुंदी लय आवडे. आईच्या हातची. चार चार वाट्या खाऊन जायचे. मंग पुस्तक आलं. सारं गाव वाची. दार हेच, झाड हेच, फडताळ हेच. आडनाव तेवढं बदलोलं. लोक म्हनत, नाव बदलोलं म्हंजे बाकी खरंच असन. मी अठरा वर्साची होतो तवा. मले पाहाले येत, पोहे खात नसत. ताट तसंच ठेवून उठून जात. पह्यले पह्यले आई रडे. मंग तिनं बासुंदी करनंच सोडलं. या घरात त्याच्यानंतर कधी बासुंदी झाली नाई, सनालेबी नाई."

आत्यांचं लग्न झालं नाही हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे मी आल्या आल्या बघितलं होतं आणि विधवा असतील समजून विसरले होते.

"मधात लोक विसरले होते," रेणू म्हणाली. "पुस्तकं गेले होते रद्दीत. आता पुन्हा आले." तिनं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, सातव्या थांब्याचं पान काढलं, घराचं चित्र बघितलं आणि विचारलं, "काकू, शेवटी कोन असते खुनी? मी वाचलं नाई कधी. घरात कोनी आनू नाई देल्लं."

मी सांगितलं, "थोरली सून."

"म्हंजे माही आजी," ती म्हणाली, आणि पुस्तक मिटून मला परत दिलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात तो पांढरा सदरा आला. मी विचारलं, केनवडचं आणखी कुणी यायचं होतं का? आत्या म्हणाल्या, पोराचे मामा येणार म्हणून कानावर आहे, कधी ते माहीत नाही. मी विचारलं, पन्नाशीचे, गळ्यात रुमाल? रेणूनं माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. लपवून करणार काय होते? सांगताना मला माझा ठेल्यावरचा आवाज ऐकू येत होता. तिघं! मुलाकडचेच सगळे!

आत्यांनी तोंडातून एक वाईट शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. त्या उठल्या, माझी अर्धी राहिलेली पोह्यांची ताटली उचलली आणि म्हणाल्या, "खाऊन घ्या. टाकू नका." मी ते पोहे खाल्ले. एकेक घास गिळताना वाटत होतं, धरणीनं मला पोटात घ्यावं.

उरलेले पाच थांबे मी केले नाहीत. संध्याकाळभर लॉजच्या खोलीत पंख्याकडे बघत पडून राहिले. सकाळी ठरवलं, केनवडला जायचं. निघताना निळ्या दाराशी गेले. रेणू शाळेला निघाली होती. "जाऊ नका," ती म्हणाली. "कायले जाता? तुमच्या जान्यानं अजून वाढते." मी ऐकलं नाही. मला वाटलं, खोटं ते खोटं म्हणून एकदा तोंडानं सांगितलं की झालं. आम्ही दोघी एकाच गाडीनं मालेगावपर्यंत गेलो. ती खिडकीशी बसून मुलांच्या वह्या तपासत होती. उतरताना म्हणाली, "त्याइले रागावू नका. ते वाईट नाईत."

केनवडला बाजाराचा दिवस होता. वांगी, लसूण, बांगड्या, बैलांच्या गळ्यातल्या माळा. दोन-तीन ठिकाणी विचारलं आणि मामांचं घर सापडलं. मामांनी मला लगेच ओळखलं. लाजले, गोंधळले, खुर्ची दिली. त्यांच्या मिसेसनी भाकर, ठेचा आणि ताक आणून ठेवलं. जेवल्याशिवाय बोलायचं नाही म्हणाले. मला वाटलं, चांगली माणसं आहेत, ऐकतील.

मी हात जोडले. म्हटलं, "भाऊ, मी काल जे सांगितलं ती कादंबरी होती. तशी गोष्ट कधीच घडलेली नाही. त्या घरात कुणी कुणाला काही घातलेलं नाही. माझ्या लेकीची शपथ घेऊन सांगते."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "माहीत आहे न बाई. आमी काय येडे आहो? मी सोता वाचली होती शाळेत असताना. खोडवे. लय भारी लिवलं होतं."

"मग?"

"मले त्या पुस्तकातलं घर कोन्तं ते माहीत नव्हतं."

"पण खोटं आहे म्हणता ना?"

"खोटंच आहे." त्यांनी गळ्यातला रुमाल काढून तोंड पुसलं. "तुमी कुठून आल्या? कऱ्हाडाहून. किती दूर आहे ते! तुमी इतक्या दुरून त्या घराले पाहाले आल्या. विष खोटं आहे हे तुमालेबी माहीत, तरी आल्या न? उद्या आमच्या पोट्याची सासुरवाडी म्हंजे तेच घर. पाटीवर नाव, पुस्तकात चित्र. मांडवात पंगत बसन, कोनी मस्करीत म्हनीन, बासुंदी नको बापा. सारे हासतीन. त्या पोरीनं काय कराव मंग? जलमभर आयकाव?"

"मुलगी चांगली आहे हो," मी म्हटलं. मला रडू यायला लागलं.

"लाखात एक आहे. आमचा पोट्टा जेवला नाई रातीपासून." मामांच्या मिसेस आतून म्हणाल्या, "तुमी नका रडू बाई. तुमचा काय दोष?" आणि माझ्या पानात आणखी एक भाकर वाढली.

मी ती भाकर संपवली आणि उठले.

परतताना मालेगावच्या स्टँडवर बसून मी पुण्याच्या त्या मंडळींना फोन लावला. नंबर पुस्तकाच्या मागे होता. एक तरुण मुलगा बोलला, फार गोड, फार आदरानं. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, हे खूप महत्त्वाचं सांगितलंत. पुढच्या आवृत्तीत आपण सूचना टाकू, की घरातल्या लोकांना त्रास देऊ नये."

"सूचना नको रे बाळा. तो थांबाच काढून टाका."

"पण काकू, त्या घराशिवाय खोडव्यांची वाट पुरी कशी होणार?"

मी फोन ठेवला. समोर नागपूर-पुणे गाडी लागली, तीत चढले. तीच काळी जमीन, तीच तूर, उलट्या बाजूनं. केनवड आलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर आमच्या वाचनालयात बायकांनी घेराव घातला. कसा झाला प्रवास, सातवा थांबा कसा होता? मी सगळं सांगितलं. गंमत म्हणून नव्हे, छातीवरचा दगड उतरावा म्हणून. सगळ्या जणी चुकचुकल्या, दोघींनी डोळे पुसले. कुंदा तर दोन दिवस त्याच्यावरच बोलत होती. "किती गं सोसलं त्या माणसांनी!" मला बरं वाटलं. सांगून काहीतरी भलं झालं असं वाटलं.

संक्रांत झाल्यावर कुंदा नागपूरला भाचीकडे गेली. परत आली ती थेट माझ्याकडे, हातात संत्र्याची पिशवी. "अगं, येताना मुद्दाम वाशीमला उतरले," ती म्हणाली. "तू सांगितल्यापासून त्या माणसांना भेटल्याशिवाय राहवेना. त्यांनी दार हिरवं केलंय हं. पण मी ओळखलं! पानठेल्यावर विचारलं की."

मी तिच्या हातातली संत्र्यांची पिशवी घेऊन खाली ठेवली.

"तुझं नाव काढायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, उगीच त्यांना जुनं नको आठवायला. नुसती दारात उभी राहिले. आणि काय सांगू तुला! कोण, कुठली, एका शब्दानं विचारलं नाही. या म्हणाल्या, बसा म्हणाल्या. ती मुलगीसुद्धा आतून साडी बदलून आली. निघताना मी दारात एक फोटो काढला, आठवण म्हणून."

तिनं फोन माझ्या हातात दिला. हिरव्या दारात आत्या उभ्या होत्या. पदर नीट सावरलेला, हातात पोह्यांची ताटली. त्या कुंदाकडे बघून हसत होत्या.